गाडी झाली का?

आमची गाडी तापली की बंद पडायची.

थंड असताना मात्र तिचा काय तोरा! धान्याच्या मोंढ्यापर्यंत जा, स्टेशनपर्यंत जा, किल्ल्याला चक्कर मारून या, तक्रार म्हणून नाही. पण तासभर सलग पळवली की दोन आचके द्यायची आणि रस्त्याच्या कडेला ठप्प. मग बॉनेट उघडायचं, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि कुठल्यातरी बाभळीखाली अर्धा तास बसायचं. थंड झाली की पहिल्या चावीत चालू. हे इतक्यांदा झालं की उदगीर-लातूर रस्त्यावरची सावलीची झाडं मला पाठ झाली होती.

माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, उदगीरला शाळेत मास्तर. गाडी त्यांनी एका आडत्याकडून जुनी घेतलेली. आमच्या गल्लीत सगळे किराणावाले नाही तर आडतवाले, त्यांच्या दारात मोटारसायकली आणि मास्तरच्या दारात कार! अप्पा सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून बाहेर यायचे आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं गाडी पुसत बसायचे. आमची आई, म्हणजे अव्वा, दारातून म्हणायची, "देवाला दहा मिनटं अन् गाडीला अर्धा तास!" पण बोलताना तिची नजर शेजारणीकडं असायची, हिनं ऐकलं का म्हणून.

गाडीला हात लावणारा माणूस एकच. देगलूर रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं आणि सगळं गाव त्याला उस्ताद म्हणायचं. अप्पांची आणि त्याची दोस्ती भूकंपातली. त्या सकाळी किल्लारीकडची बातमी आली तेव्हा दोघांनी गाडीचं मागचं सीट उचकटून बाहेर टाकलं आणि चार दिवस जखमी माणसं दवाखान्यात पोचवली. अप्पा गाडी चालवायचे, उस्ताद मागं बसून लोकांची डोकी मांडीवर धरायचा. तेव्हा गाडीला हा रोग नव्हता. परत आल्यावर त्या चार दिवसांबद्दल दोघंही कधी फार बोलले नाहीत, पण त्यानंतर अप्पा गॅरेजात गेले की उस्ताद हातातलं काम टाकून स्टूल पुसून द्यायचा. "बसा गुरुजी." आणि अप्पांनीही त्याच्याकडून कधी गाडी तपासून घेतली नाही. त्यानं "झाली" म्हणलं की झाली.

मी दहावी झाले तोवर लातूरला जिकडंतिकडं क्लासच क्लास झाले होते. भूकंपानंतर लोक स्लॅबखाली झोपायला भ्यायचे, म्हणून मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. भीती ओसरली तशा त्याच खोल्या पोरापोरींना राहायला दिल्या. मी अशाच एका खोलीत दोन वर्षं काढली, सहा पोरी आणि एक नळ. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की आम्ही ओल्या चादरी अंगावर घेऊन पाठांतर करायचो. मला डॉक्टर व्हायचं होतं. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला व्हायचं होतं. क्लासच्या चाचण्यांमध्ये मी पहिल्या पाचात असायचे. बायोलॉजीच्या सरांनी तर सगळ्यांसमोर सांगितलं, हिची सीट पक्की समजा.

पण घरचा कायदा अप्पांनी मला लातूरला सोडतानाच सांगितला होता. "एकच साल. लागला नंबर तर लागला, न्हाईतर उदगीरला बी.एस्सी. कर. पुन्हा बसायचं नाव काढायचं न्हाई." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकदाच पुरे, असा माझा तोरा. सतरा वर्षांची पोर होते मी, तोरा कसला नसणार!

त्या वर्षी मी बसवजयंतीला दोन दिवस घरी आले होते. आमच्याकडं त्या दिवशी तराजूची, वहीची, गाडीची, सगळ्याची पूजा असते. अव्वानं बॉनेट उघडायला लावलं आणि इंजिनावरच्या झाकणावर तीन बोटांनी ओली विभूती ओढली, आडवे तीन पट्टे, या नटापासून त्या नटापर्यंत. "आता तरी नीट चाल गं बाई," असं तिनं गाडीला बजावलं. मी हसले. अप्पा म्हणाले, ह्या आठवड्यात उस्तादाकडं टाकतोच. त्याआधी दोनदा टाकून झाली होती. एकदा त्यानं कॉइल बदलली, एकदा कार्ब्युरेटर साफ केला, पण दोन्ही वेळा रोग तिथंच. मग तोच म्हणाला, गुरुजी, इंजिनाचं हेड खोलावं लागंल. आत गॅस्केट जळालं आसंल. हेड लातूरला घिसायला पाठवावं लागंल, आठ दिवस तरी धरा. अप्पा म्हणाले, आठ घे, दहा घे, पण पोरीच्या परीक्षेला नांदेडला जायचंय, तेवढं सांभाळ.

माझं केंद्र नांदेडला आलं होतं. लातूरची केंद्रं भरली म्हणे. मी खोली सोडून, पेटी घेऊन एसटीनं उदगीरला आले तेव्हा परीक्षेला तीन दिवस होते. गाडी दारात उभी होती, धुतलेली, लखलखीत. मी चप्पल काढायच्या आधी विचारलं.

"गाडी झाली का?"

"झाली," अप्पा म्हणाले.

"हेड खोललं?"

"खोललं की. उस्ताद म्हणला, आता मुंबईपर्यंत न्या गुरुजी, मागं वळून बघू नका."

मी तरीही म्हणलं, अप्पा, आपण आदल्या दिवशी एसटीनं जाऊ. नांदेडला मावशी आहे, तिच्याकडं मुक्काम करू. त्यावर अप्पा हसले. दारात गाडी असताना लोकांच्या घरी वळकटी घेऊन जायचं? अव्वानंही त्यांचीच बाजू घेतली. घरचं खाऊन, घरच्या अंथरुणात झोपून जा म्हणाली, परक्या घरी झोप लागत न्हाई. मला पटलं. खरं सांगायचं तर मलाही केंद्रापुढं गाडीतून उतरायचंच होतं. लातूरच्या पोरी केंद्राबाहेर उभ्या असतील, त्यांनी बघावं असं वाटत होतं. एवढा माझाही वाटा आहे त्यात, नाकारत नाही.

परीक्षेच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही दोघं निघालो. अव्वानं हातावर दही दिलं. जळकोट मागं पडलं, गाडी अशी पळत होती की अप्पा शीळ घालायला लागले. मी मांडीवर रसायनशास्त्राची सूत्रं घेऊन बसले होते. जळकोटच्या पुढं दहा-बारा किलोमीटर गेलो असू. दोन आचके बसले. ते मला वहीवरच्या अक्षरातच कळले, पेनाची रेघ वाकडी गेली.

"काही न्हाई, काही न्हाई," अप्पा म्हणाले.

अर्धा तास थांबलो. चालू झाली. माझा जीव भांड्यात पडला. अजून वेळ होता. पण पुढच्या फाट्याच्या अलीकडं पुन्हा आचके, आणि ह्या वेळी बॉनेटमधून वाफ. आता पाणी ओतलं तरी ती दाद देईना. नांदेडकडं जाणारी एक एसटी दारापर्यंत लोंबकळलेली आली आणि न थांबता निघून गेली. दुसरी आलीच नाही. मी अप्पांच्या शेजारी जाऊन इंजिनात डोकावले. मला काय कळणार होतं त्यातलं! पण एक गोष्ट मला दिसली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झाकणावर विभूतीचे तीन पट्टे होते. वाळलेले, धूळ बसलेले, पण अख्खे. ह्या नटापासून त्या नटापर्यंत, अव्वानं ओढले तसेच. त्या झाकणाचे नट काढल्याशिवाय हेड खोलता येत नाही एवढं मलासुद्धा माहीत होतं. पाना लागला असता तर नटावरची विभूती राहिली असती का?

"अप्पा, ह्यानं हात पण लावला न्हाई गाडीला!"

अप्पा रस्त्याच्या मध्ये जाऊन ट्रकला हात करायला लागले. मला वाटलं, त्यांनाही धक्का बसलाय. बसणारच की, इतक्या वर्षांचा दोस्त, त्यानं केसानं गळा कापला!

शेवटी हरभऱ्याची पोती भरलेला एक ट्रक थांबला. मी केबिनमध्ये बसले, अप्पा माझ्यासोबत आले, गाडी तिथंच. नांदेडला पोचून रिक्षा करून केंद्रावर गेलो तेव्हा पहिला पेपर सुरू होऊन तास होत आला होता. फाटकावरच्या माणसानं मनगट पुढं करून मला घड्याळ दाखवलं. मी त्याच्या पाया पडले. खरंच पडले, रस्त्यावर, सगळ्यांच्या पालकांसमोर. तो म्हणाला, बाई, माझ्या हातात न्हाई. अप्पा त्याला सांगत होते, गाडी खराब झाली हो, मेकॅनिकनं फसवलं हो. मी त्यांच्या तोंडून ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

भौतिक आणि रसायन गेलं. दुपारचा जीवशास्त्राचा पेपर मी दिला. का दिला कोण जाणे. शेजारच्या बाकावरची पोरगी घाम पुसत लिहीत होती. मला सगळं येत होतं, एक प्रश्न अडला नाही. इतका सोपा पेपर मी दोन वर्षांत सोडवला नव्हता आणि प्रत्येक उत्तरावर खूण करताना वाटत होतं की उठून किंचाळावं.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेले. अप्पा म्हणत होते, जाऊ दे, झालं ते झालं, तू जाऊ नको. मी ऐकते की काय! अव्वा मात्र दारात उभी राहून बोटं मोडत होती. "मेल्याच्या हाताला किडे पडतील! माझ्या लेकराचं वाटोळं केलं!" चार बाया गोळा झाल्या. अप्पांना माझ्यामागं यावंच लागलं.

गॅरेजात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, एक वकील, कॉलेजचे दोन प्राध्यापक, बाकीचे मोंढ्यातले. उस्ताद एका जीपखालून बाहेर आला, हात पुसले आणि सवयीनं अप्पांसाठी स्टूल ओढलं. मी ते स्टूल लाथेनं उडवलं.

"हेड खोललं म्हणून सांगितलंस नं? विभूतीसुद्धा पुसली न्हाई तुझ्यानं! माझं अख्खं साल घेतलंस तू. लाज न्हाई वाटत? भूकंपात माणसं वाचवली म्हणून मिरवतोस, अन् माझा गळा कापलास!"

मोठ्या माणसाला अरेतुरे करायची माझी ती पहिलीच वेळ. कुणी मला थांबवलं नाही. उस्तादानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्यामागं उभ्या असलेल्या अप्पांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. अप्पा रस्त्याकडं बघत होते.

"हाव बेटा," तो म्हणाला. "गलती झाली."

बस्स. ना सबब, ना वाद, ना शपथा. मला तर वाटलं होतं भांडेल, कानावर हात ठेवील. त्याच्या त्या दोन शब्दांनी मी आणखीच पेटले. कबूल करतोय म्हणजे बघा किती निर्ढावलेला! मी तिथंच सगळ्यांना सांगितलं की ह्याच्याकडं गाडी टाकू नका. आणि नंतरही सांगत सुटले, मैत्रिणींच्या घरी, देवळात, लग्नात, जिथं चार माणसं दिसतील तिथं.

एवढ्यावर थांबले असते तर मी कसली! लातूरला ग्राहक मंच आहे हे मला क्लासमधल्या एका पोरीकडून कळलं होतं, तिचे वडील वकील. मी स्वतः तक्रार लिहिली, वळणदार अक्षरात, चार पानं. वाहन दुरुस्तीस दिले, दुरुस्त झाल्याचे सांगून परत केले, प्रत्यक्षात दोष तसाच होता. अप्पांनी तीन आठवडे सहीला टाळाटाळ केली. आज डोकं दुखतंय, उद्या शाळेत तपासणी आहे. एक दिवस मी त्यांच्या ताटाशेजारी कागद ठेवला आणि म्हणलं, सही केल्याशिवाय मी जेवणार न्हाई. त्यांनी केली. आणि जेवण तसंच टाकून उठले. मला वाटलं संतापानं.

तारखेला आम्ही दोघं एसटीनं लातूरला गेलो. उस्ताद आधीच येऊन बाकावर बसला होता, धुतलेला पांढरा शर्ट घालून, वकील न करता. अध्यक्षांनी त्याला विचारलं, गाडी दुरुस्त झाली असं सांगून तुम्ही परत दिली का? पुन्हा त्यानं अप्पांकडं पाहिलं. अप्पा आपल्या हातातल्या पिशवीचे बंद नीट करत होते.

"हाव साहेब. मला काही म्हणायचं न्हाई."

निकाल आमच्या बाजूनं लागला. मी जिंकले! येताना एसटीत मी अप्पांना म्हणलं, बघा, खोट्याला तोंड उघडता येत नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. उस्तादाकडची वकील-प्राध्यापक गिऱ्हाइकं हळूहळू तुटली. वर्ष-दोन वर्षांत त्यानं कारची कामं सोडली आणि ट्रॅक्टर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला लागला. मला वाईट वाटलं नाही. माझं गेलं त्यापुढं त्याचं काय गेलं, असंच वाटायचं.

मी डॉक्टर झाले नाही. लग्न होऊन लातूरला आले, बी.एस्सी. केलं, आणि आता एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. माझ्या हाताखालून गेलेली पोरं दवाखाने थाटून बसलीत. परीक्षेच्या आधी मी प्रत्येक बॅचला एकच सांगते, आदल्या दिवशी केंद्राच्या गावी जा, कुणाच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. मग उस्तादाची गोष्ट सांगते. नाव न घेता, पण अगदी रंगवून. पोरं हसतात. किती वर्षं सांगितली असेल मी ती गोष्ट!

परवा-परवा उदगीरला चुलतभावाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून जेवण होतं. हा माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, आम्ही त्याला अण्णा म्हणतो. दुपारी हॉलमध्ये सगळे जमले होते. अण्णानं माइक घेतला आणि एकेकाचे आभार मानायला लागला. अप्पा पहिल्या रांगेत, आता अठ्ठ्याहत्तरीचे, डोक्याला फेटा. मी मागं बायकांत बसले होते, अव्वा आत वाढपाकडं होती.

"माझ्या काकांचं तर काय सांगू," अण्णा म्हणाला. "माझा साखरपुडा शिरूर अनंतपाळला. पाहुणे बडे, आमच्याकडं धड सायकल न्हाई. काकांची गाडी उस्तादाकडं पडलेली. मी अन् काका गेलो तर तो पाना घेऊन उभाच होता, आता हेड खोलतो म्हणून. काका म्हणले, थांब, खोलू नको, गाडी मला उद्या पाहिजे. उस्ताद म्हणला, गुरुजी, न्या, पर ही शिरूरच्या पुढं नेऊ नका, नांदेडला तर बिलकुल न्हाई, पोरीला एसटीनं न्या. काका म्हणले, पोरीचं मी बघतो, आधी पुतण्याची इज्जत! असा माणूस हाय हा!"

टाळ्या वाजल्या. अण्णाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला बिचाऱ्याला माझी परीक्षा कशानं बुडाली तेही आठवत नसेल. अप्पांनी वळून मला शोधलं. आमची नजर भेटली. मग ते ताटातल्या जिलेबीकडं बघायला लागले.

साखरपुड्याचं मला माहीत होतं. मी तेव्हा लातूरला होते, सगळे शिरूरला गेले, एवढं ऐकलं होतं. कशानं गेले हे मी कधी विचारलंच नव्हतं. गाडी तिथं जाऊन आली, वाटेत थांबली नाही, म्हणून अप्पांनी ठरवलं असेल की आता बरी झाली. आणि मी दारात पेटी घेऊन उभी राहून विचारलं, तेव्हा खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. मुंबईपर्यंत न्या म्हणे! उस्ताद म्हणला म्हणे! वरून कल्हई करून सांगितलं होतं मला.

मी जेवण टाकून उठले आणि उस्तादाकडं गेले. शेड तीच आहे, आता पुतणे चालवतात. तो दारात खाटेवर बसला होता, डोळ्यांना जाड चष्मा. मला ओळखायला वेळ लागला. ओळखल्यावर उठून स्टूल पुसायला लागला. मी खाली, तेलानं काळ्या झालेल्या मातीत बसले.

"उस्ताद, तुम्ही तेव्हा बोलला का न्हाईत?"

"कुणी सांगितलं तुला?" तो म्हणाला. अप्पांनी सांगितलं का, असं त्याला विचारायचं होतं हे मला कळलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"मंचात तरी बोलायचं. तुमचा धंदा गेला."

"धंदा काय, ट्रॅक्टर हुतेच की." त्यानं चष्मा काढून पुसला. "तू लाथ मारली नं बेटा, तवा तोंडावर आलं हुतं माझ्या. पर तुझं साल गेलं हुतं. त्याच दिवशी बापबी गेला आसता तुझा. गुरुजींनी माझ्यासंगं चार दिवस काय काय पाहिलंय, मला म्हाईत हाय. मी म्हणलं, सांगतील ते सोताच. आज न्हाई उद्या सांगतील."

मला रडू आवरेना. त्यानं पाणी मागवलं. मी म्हणलं, उद्या मी चौकात उभी राहून सांगते की चूक आमची होती. तो हसला. ज्यांना सांगायचं ते सगळे मेले की आता, म्हणाला, जा घरी.

घरी आले तेव्हा अप्पा फेटा काढून पलंगावर बसले होते. मी समोर उभी राहिले.

"पंचवीस वर्षं, अप्पा."

ते म्हणाले, "कार्य घरचं होतं बाई."

"अन् मी कुणाच्या घरची होते?"

म्हातारा माणूस, पलंगाची कड धरून बसलेला. मला दया यायला पाहिजे होती, आली नाही. ज्या माणसाच्या शब्दावर मी एसटी सोडली, ज्याच्या बाजूनं मी अख्ख्या गावाशी भांडले, तो माझ्यामागं उभा राहून सगळं ऐकत होता. प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी.

मी स्वयंपाकघरात गेले. निदान अव्वाला सांगावं. तिनं माझ्यासाठी बोटं मोडली होती, गल्ली गोळा केली होती. तिला कळलं की ती अप्पांना सोडणार नाही, एवढा मला भरवसा होता. ती चहा ठेवत होती. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि सगळं सांगितलं. पाना, साखरपुडा, उस्तादानं दिलेला इशारा. ती साखर घालत राहिली.

"अव्वा, ऐकतीस का?"

"ऐकायलेय की." तिनं गॅस बारीक केला. "त्यांचं मन नव्हतं गाडी काढायला. मीच म्हणले, आणा म्हणून. तुझ्या काकूनं तेवढ्यात मला टोमणा मारला हुता, दारातली गाडी नुसती पुसायलाच हाय का म्हणून. मी म्हणले, दाखवते हिला. मीच बसले हुते पुढं, अप्पांच्या शेजारी, जाऊन येऊन."

"मग उस्तादाला शिव्या का दिल्यास?"

"मग काय म्हणायचं हुतं लोकास्नी? अन् तुला?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "मला काय म्हाईत गाडी बंद पडंल म्हणून. अन् पडली तर पडली, पोरगी हुशार हाय, पुढल्या सालीबी बसंल, असं वाटलं मला."

त्या पुढल्या सालच्या परीक्षेच्या आठवड्यात मी अंगणात पाटावर बसले होते. पहिली हळद अव्वानंच लावली.